पहिल्या इंजेक्शननंतर बाबांचा ताप वाढला : रात्री एकचा डोस द्यायचा की नाही?

कुणग्यावरचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं होतं. बाबा आता बरे आहेत, म्हणून लिहू शकतोय.

आमचं गाव सिंधुदुर्गात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बाबांनी शेवटच्या दोन कुणग्यांची (भाताच्या खाचरांची) चिखलणी केली. टाचांना भेगा होत्या, तशाच पायांनी तीन दिवस चिखलात. आठवड्याने ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईनात, डोळे लालभडक. आमच्याकडे एवढ्यावर कुणीही सांगेल : लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून होणारा जंतूंचा ताप. तालुक्याच्या गावातल्या दवाखान्यात नेलं. प्लेटलेट उतरलेल्या, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण. संध्याकाळी सात वाजता पेनिसिलीनचा पहिला डोस शिरेतून दिला.

सव्वानऊला बाबांना हुडहुडी भरली. साधी थंडी नव्हे, खाट हलत होती. ताप १०१ वरून १०४ वर. वरचं बीपी ८० च्या आसपास. ओठ निळसर. आईने देव पाण्यात ठेवले म्हणजे काय ते मी त्या रात्री पाहिलं. काका दारात उभे राहून नर्सला एकच सांगत होते, "तां इंजेक्शन पुन्ना देव नकात."

पुढचा डोस रात्री एकला होता. ड्युटीवरचा डॉक्टर वयाने लहान. त्याने सलाईन जोरात सोडलं, ऑक्सिजन लावला, आणि म्हणाला, "औषध लागू पडतंय म्हणून हे होतंय. एकचा डोस द्यायलाच हवा." आम्हाला ते पटेना. औषध लागू पडलं तर माणूस सुधारतो, बिघडत नाही, हेच आम्ही आयुष्यभर धरून चाललेलो. काकांनी गाडी काढली होती, गोव्याला न्यायचं म्हणून. साडेबाराला ताप उतरायला लागला, बीपी ९६ झालं, बाबांनी पाणी मागितलं. मग मी कागदावर सही केली आणि एकचा डोस दिला गेला. तेव्हा काही झालं नाही, नंतरच्या एकाही डोसला झालं नाही.

माझं दुःख एवढंच : हे असं होऊ शकतं हे सात वाजता कुणी आम्हाला सांगितलं असतं तर? इथे जाणकार आहेत. नेमकं काय झालं होतं बाबांच्या अंगात?

---

डॉ_सह्यकडा

कुणग्यावरचा, तुम्ही सही केलीत ते फार बरं केलंत.

वर्णनावरून ही यारिश–हर्क्सहायमर प्रतिक्रिया वाटते. ॲडॉल्फ यारिश या ऑस्ट्रियन त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ मध्ये ती नोंदवली. तेव्हा पेनिसिलीन नव्हतं. गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या रोग्यांना पारा दिला की अंगावरचे चट्टे आधी आणखी लाल व्हायचे आणि ताप चढायचा. १९०२ मध्ये फ्रँकफर्टच्या कार्ल हर्क्सहायमर यांनी तेच सविस्तर मांडलं. हे हर्क्सहायमर ज्यू होते. म्हातारपणी नाझींनी त्यांना तेरेझिनच्या छावणीत पाठवलं आणि १९४२ मध्ये तिथेच ते गेले. त्यांचं नाव घेताना हे मला नेहमी आठवतं.

आता अंगात काय होतं ते. सिफिलिस, लेप्टो, उवांमुळे होणारा उलटणारा ताप, हे सगळे मळसूत्रासारख्या पिळाच्या जंतूंचे आजार. पेनिसिलीन किंवा डॉक्सीसायक्लिनचा पहिला डोस जातो तेव्हा रक्तात जंतू भरपूर असतात आणि ते थोड्या वेळात एकदम मरतात. मरताना त्यांच्या आवरणाचे तुकडे रक्तात सांडतात. आपल्या पांढऱ्या पेशींना जिवंत जंतू आणि फुटलेल्या जंतूचा तुकडा यात फरक करता येत नाही. त्यांना तो तुकडा म्हणजे हल्लाच वाटतो. त्या टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ असे निरोप्या रेणू सोडतात. थंडी, ताप, बीपी उतरणं हे त्या रेणूंचं काम.

हे निव्वळ तर्काने सांगत नाही. इथिओपियात उलटणाऱ्या तापाच्या रोग्यांना पेनिसिलीनच्या आधी टीएनएफला बांधून ठेवणारी प्रतिपिंडं देऊन पाहिली होती. १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. प्रतिपिंडं मिळालेल्या २० पैकी १० जणांना प्रतिक्रिया आली, न मिळालेल्या २९ पैकी २६ जणांना. म्हणजे टीएनएफ अडवला की थंडीवाऱ्याचा जोर कमी होतो. मात्र हा उपचार म्हणून रोज वापरायची गोष्ट नाही. प्रतिक्रिया बहुधा २४ तासांत आपोआप विरते. तोवर सलाईन, बीपीवर नजर आणि जवळ माणूस. तुमच्या त्या तरुण डॉक्टरने तेच केलं.

---

रानजाई

डॉक्टरसाहेब, एक शंका. पेनिसिलीनची ॲलर्जी आणि हे, घरच्या माणसाने ओळखायचं कसं? माझ्या मावशीला इंजेक्शननंतर गांधी उठून घसा आवळला होता.

---

डॉ_सह्यकडा

रानजाईताई, मावशींना झालं ती ॲलर्जी, आणि ती वेगळीच गोष्ट. ती बहुधा काही मिनिटांत येते : खाज, गांधी, ओठ-जीभ सुजणं, श्वास अडकणं. तिथे औषध ताबडतोब थांबवतात आणि ॲड्रिनलिन देतात. यारिशवाली प्रतिक्रिया एक-दोन तासांनी किंवा त्याहून उशिरा येते, थंडीने सुरू होते, अंगावर गांधी नसतात. पण घरच्यांनी हे ओळखत बसू नये. काहीही वेगळं दिसलं की नर्सला हाक मारावी. ओळखायचं काम आमचं. मावशींची गोष्ट मात्र प्रत्येक डॉक्टरला आवर्जून सांगत जा.

---

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून जंतूच्या बाजूने थोडं सांगतो. विषय माझ्या फार जवळचा आहे, लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

'मेलेला जंतूही विषारी असतो' हे पहिल्यांदा नीट दाखवलं रिचर्ड फायफर यांनी, १८९२ मध्ये, बर्लिनला रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत. त्यांनी पटकीचे जंतू तापवून मारले आणि ते गिनीपिगला टोचले. गिनीपिग मेले. जंतूच्या अंगातच असलेल्या या विषाला नाव पडलं एंडोटॉक्सिन. आज आपण त्याला लिपोपॉलिसॅकराइड म्हणून ओळखतो. ई. कोलाय, टायफॉइड, क्लेबसिएला अशा ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे दुहेरी आवरणाच्या, जंतूंच्या बाहेरच्या आवरणात ते ठासून भरलेलं असतं, आणि त्यातला 'लिपिड ए' हा भाग खरा जहाल. आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) आहे, तो हे ओळखतो. ब्रूस बॉयटलर यांनी हे १९९८ मध्ये उंदरांवरून शोधून काढलं आणि २०११ च्या नोबेलचे ते एक मानकरी झाले.

लेप्टोची गंमत वेगळी आहे. त्याच्यात लिपोपॉलिसॅकराइड आहे, पण माणसाचा टीएलआर-४ त्याला नीट ओळखतच नाही. टीएलआर-२ ओळखतो. सिफिलिसच्या जंतूत तर ते मुळात नाहीच, तिथे आवरणातली लिपोप्रोटीनं हे काम करतात. म्हणून कुणग्यावरचा यांच्या बाबांच्या बाबतीत 'एंडोटॉक्सिनमुळे झालं' असं सरळ म्हणता येणार नाही. तुकडे वेगळे, दार वेगळं, पण आत वाजणारी घंटा तीच.

आता औषधांकडे. जंतू मारायच्या तऱ्हेवर किती विष सांडेल हे ठरतं. ई. कोलायच्या भिंतीचं बांधकाम करणारी काही प्रथिनं असतात. सेफ्टाझिडिम किंवा ॲझट्रिओनाम यांची मात्रा कमी पडली तर ती त्यांतल्या तिसऱ्या क्रमांकाच्या प्रथिनाला धरतात. जंतूला दोन तुकडे होता येत नाहीत, पण वाढ चालूच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली तो शेवयांसारखा लांबच लांब दिसतो. आवरण वाढलं म्हणजे एंडोटॉक्सिनही वाढलं, आणि शेवटी ती शेवई फुटली की सगळं एकदम बाहेर. इमिपेनेम दुसऱ्या क्रमांकाच्या प्रथिनाला आधी धरतं. जंतू साबुदाण्यासारखा गोल होतो आणि लवकर मरतो, सांडणारं विष तुलनेने कमी. काचेच्या नळीत हा फरक मी स्वतः पाहिलेला आहे.

पण नळीतलं रुग्णात जसंच्या तसं उतरत नाही. ग्रॅम-निगेटिव्ह सेप्सिसमध्ये, म्हणजे अशा जंतूंच्या संसर्गाने सगळं शरीर कोलमडतं तेव्हा, 'कमी एंडोटॉक्सिन सांडणारं औषध दिलं म्हणून जास्त माणसं वाचली' असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. तिथे जंतूवर चालणारं औषध लवकरात लवकर जाणं हेच मोठं.

---

जुनं_खोड

सर्वांचे अनुभव वाचले. माझा प्रश्न सरळ आहे. जर औषधानेच विष मोकळं होतं, तर थोड्या थोड्या मात्रेने सुरुवात का करू नये? आमच्या आजोबांच्या वेळी वैद्य चिमूटभरापासून सुरू करत. आजचे डॉक्टर एकदम लाखांच्या युनिटात का ओततात?

---

डॉ_सह्यकडा

काका, प्रश्न रास्त आहे आणि पूर्वीच्या डॉक्टरांनाही तो पडला होता. सिफिलिसमध्ये कमी मात्रेने सुरुवात करून पाहिली गेली. त्याने प्रतिक्रिया टळेलच अशी खात्री कधी मिळाली नाही. आणि वर सूक्ष्मदर्शींनी लिहिलंय ते पुन्हा वाचा : कमी मात्रेतच जंतूच्या शेवया होतात. म्हणजे अर्धवट मात्रेने विष कमी होण्याऐवजी वाढूही शकतं, शिवाय जंतू औषधाला सरावतो. सेप्टिक शॉकमधल्या माणसाला पहिल्या तासात पूर्ण मात्रा द्यावी असं आज जगभर मानतात. जंतू जिवंत ठेवला तर तो वाढत राहतो, ई. कोलायसारखा तर पोषक परिस्थितीत दर वीस-तीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. तेही विषच आहे, आणि त्याला अंत नाही.

---

एल्बकाठी

मी हॅम्बुर्गला राहते. २०११ चा मे-जून इथे काढलेल्या कुणालाही हा विषय शांतपणे वाचता येणार नाही.

तेव्हा उत्तर जर्मनीत रक्ती जुलाबांची साथ आली. धडधाकट बायका, माझ्याच वयाच्या, दोन दिवसांत डायलिसिसवर. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, आणि काकड्या निर्दोष निघाल्या. शेवटी सापडली ती मोड आलेली मेथी. बी इजिप्तमधून आलेलं, मोड इथल्या लोअर सॅक्सनीतल्या एका शेतावर काढलेले. साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, आठशेवर लोकांच्या किडनीला धक्का बसला, पन्नासहून अधिक गेले. माझ्या घरात त्या आठवड्यात मेथीला मोड आणायला ठेवले होते. भारतातून आणलेलं बी होतं, पण मी रडत रडत फेकून दिलं. आईच्या हातच्या मोडाच्या मेथीची उसळ मी त्यानंतर वर्षभर केली नाही.

तेव्हा शेजारच्या बाईंना अँटिबायोटिक द्यायचं नाही असं डॉक्टर म्हणाले. इतकी गंभीर बाई, आणि औषध नाही? आम्हाला ते क्रूर वाटलं होतं. आज हा धागा वाचून संबंध असावा असं वाटतंय. कुणी समजावेल का?

---

सूक्ष्मदर्शी

एल्बकाठी, संबंध आहे, पण ही गोष्ट लेप्टोच्या उलट आहे. या धाग्यात ती यायलाच हवी होती, तुम्ही आणलीत.

तो जंतू ई. कोलाय ओ१०४:एच४. त्याच्याकडे शिगा टॉक्सिन होतं. हे विष त्याच्या आवरणात नसतं, तो ते तयार करतो. आणि ते करायची कृती जंतूची स्वतःची नाहीच, ती त्याच्या जनुकांत झोपून राहिलेल्या एका विषाणूची असते. जंतूच्या डीएनएला इजा झाली की तो धोक्याची हाक देतो आणि त्या हाकेने झोपलेला विषाणू जागा होतो. तो स्वतःच्या प्रती काढतो, सोबत शिगा टॉक्सिन काढतो, आणि जंतूला फोडून दोन्ही बाहेर पडतात. आता सिप्रोफ्लोक्सासिन नेमकं डीएनएच्याच कामावर घाव घालतं. म्हणजे जंतू मारता मारता विषाचा कारखाना चालू करण्याचा धोका. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे.

मुलांवरचा एक अभ्यास २००० साली आला. जंतू याच्याच जातकुळीतला, ओ१५७:एच७. ७१ मुलं होती. अँटिबायोटिक मिळालेल्या ९ पैकी ५ मुलांची किडनी बिघडली, न मिळालेल्या ६२ पैकी ५ मुलांची. आकडे लहान आहेत, आणि मुळात जास्त आजारी मुलांनाच औषध दिलं गेलं असेल असा आक्षेप घेता येतो. तरी डॉक्टर तिथे हात का आखडतात ते यातून कळतं. पाणी-क्षार सांभाळायचे आणि किडनीवर लक्ष ठेवायचं, हाच उपचार. तुमच्या शेजारणीचे डॉक्टर क्रूर नव्हते.

सगळी अँटिबायोटिकं सारखी नाहीत हेही खरं. त्याच साथीत ज्यांना ॲझिथ्रोमायसिन दिलं गेलं त्यांच्या शौचातून जंतू लवकर नाहीसा झाला. हे औषध प्रथिनं बनवायचंच थांबवतं, आणि शिगा टॉक्सिन हे प्रथिनच आहे.

---

डॉ_सह्यकडा

सूक्ष्मदर्शींच्या शेवटच्या वाक्याला जोडून. मांस सडवणारा स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग झाला की आम्ही पेनिसिलीनच्या जोडीला क्लिंडामायसिन देतो. पेनिसिलीन भिंत तोडतं, पण भिंत बांधणंच थांबवलेल्या, संथ झालेल्या जंतूंवर ते फिकं पडतं. हॅरी ईगल यांनी १९५२ मध्येच उंदरांत हे पाहिलं होतं. क्लिंडामायसिन भिंतीकडे बघतच नाही, ते विष बनवणारी यंत्रं बंद करतं. कॉलेजात आमचे सर म्हणायचे, "एकाने घर पाडायचं, दुसऱ्याने चूल विझवायची."

---

वर्धेची_ताई

मी तीस वर्षं वर्धा जिल्ह्यात कुष्ठरोगाच्या कामात होते. कुणग्यावरचा भाऊ, तुमच्या काकांचं वाक्य वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. हेच वाक्य मी वेगळ्या बोलीत शेकडो वेळा ऐकलं आहे : "या गोयायनंच बिमारी वाढली, बाई."

बहुविध औषधोपचार आला आणि रिफाम्पिसिनने जंतू भराभर मरू लागले. आम्ही खूश. पण काही रुग्णांना गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत चट्टे लाल होऊन सुजायचे, कोपराजवळची नस दोरीसारखी जाड व्हायची, हाताची पकड जायची. काहींच्या अंगावर दुखऱ्या गाठी यायच्या आणि ताप. आम्ही त्याला रिॲक्शन म्हणतो. मेलेल्या जंतूंचे अवशेष अंगात खूप काळ राहतात आणि शरीर त्यांच्याशी भांडत बसतं. अशी रिॲक्शन उपचाराच्या आधी येते, चालू असताना येते, गोळ्या संपल्यावरही येते.

हे तुमच्यासारखं चोवीस तासांत उतरत नाही, भाऊ. महिनोन् महिने चालतं. स्टेरॉइड वेळेवर मिळालं नाही तर नस कायमची जाते. आणि रुग्ण काय करायचा? गोळ्यांचं पाकीट विहिरीत टाकायचा आणि आमच्याकडे यायचंच बंद करायचा. बोटं वाकडी झाल्यावर भेटायचा. मला आजही एक तरुण मुलगा आठवतो, शिंप्याचं काम करायचा. त्याला कुणी आधी बसवून सांगितलं नव्हतं. ते 'कुणी' म्हणजे मीच. त्यानंतर मी पहिलं पाकीट हातात देण्याआधी रिॲक्शनबद्दल बोलल्याशिवाय राहिले नाही.

---

पाळणा_हलला

माझ्या मुलाला दीड वर्षाचा असताना मेंदूज्वर झाला होता. तेव्हा अँटिबायोटिकच्या आधी नर्सने एक छोटं इंजेक्शन दिलं, डेक्सामेथासोन. मी विचारलं हे कशाला, तर ती म्हणाली, "कान वाचावेत म्हणून." आज सात वर्षांनी कळतंय! ही तीच गोष्ट ना?

---

डॉ_सह्यकडा

हो, तीच. मेंदूभोवतीच्या पाण्यात जंतू फुटले की त्यांच्या भिंतीच्या तुकड्यांनी तिथे दाह उसळतो. कवटी ताणत नाही, सूज जाणार कुठे? आतल्या कानालाही त्याची झळ लागते. म्हणून डेक्सामेथासोन अँटिबायोटिकच्या जरा आधी किंवा सोबत द्यायचं. नंतर दिलं तर दाह पेटून गेलेला असतो. मोठ्या माणसांवरचा युरोपातला अभ्यास २००२ मध्ये आला, ३०१ रुग्णांचा. मृत्यू १५ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले, आणि फायदा मुख्यतः न्यूमोकॉकस या जंतूच्या रुग्णांत दिसला. मात्र आफ्रिकेत मलावीत असाच अभ्यास झाला तेव्हा फायदा दिसला नाही. तिथे रुग्ण उशिरा पोचत होते आणि बऱ्याच जणांना एचआयव्हीही होता. त्यामुळे स्टेरॉइड हा सगळीकडे चालणारा तोडगा समजू नका. ताईंच्या कुष्ठरोगात ते लागतं, मेंदूज्वरात काहींना लागतं, आणि लेप्टोच्या थंडीसाठी आम्ही ते सरसकट देत नाही.

ताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या इंटर्न मुलांना वाचून दाखवणार आहे.

---

कुणग्यावरचा

दोन दिवस रेंज नव्हती, आता सगळं एका बैठकीत वाचलं. काकांनाही वाचून दाखवलं. मेथीचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आमका कोणी सांगूक होया होता."

मी परवा त्या दवाखान्यात जाऊन आलो. तो तरुण डॉक्टर भेटला. भांडायला गेलो नव्हतो. त्याने खुर्ची दिली आणि स्वतःच म्हणाला की त्या संध्याकाळी तापाचे अकरा पेशंट होते, सांगायचं राहून गेलं. मी म्हटलं, वॉर्डात एक कागद लावूया, मालवणीत. त्याने होकार दिला. मजकूर असा केलाय :

"पयल्या इंजेक्शनानंतर दोन-तीन तासांनी जंतूचा विष सुटान थंडी वाजता आणि ताप वाढता. घाबरू नकात. औषध आपल्या मनान बंद करू नकात."

काही चुकलं असेल तर सांगा.

---

वर्धेची_ताई

भाऊ, 'विष' काढा. ज्याच्या शिरेत सुई आहे त्याच्या घरच्यांना तो शब्द इंजेक्शनलाच चिकटलेला ऐकू येईल.

---

डॉ_सह्यकडा

ताईंशी सहमत. आणि 'घाबरू नकात' याच्या जागी काय करायचं ते लिहा, नाहीतर ॲलर्जी झालेला माणूसही धीर धरून बसून राहील. 'वाढता' ऐवजी 'वाढूक शकता'. सगळ्यांना होत नाही.

---

कुणग्यावरचा

"पयल्या इंजेक्शनानंतर काय तासांनी थंडी वाजान ताप वाढूक शकता. थंडी, खाज, धाप, कायव झाला तरी लगेच नर्सबाईक हाक मारा. औषध आपल्या मनान बंद करू नकात."

काकांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. उद्या सकाळच्या एसटीने घेऊन जातो.